पाठ घेतला, पाहिला, पुन्हा घेतला

बी.एड.च्या छात्राध्यापकाचा सराव पाठ साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात त्याला टाचणातला क्रम सांभाळायचा असतो, फळ्यावर लिहायचे असते, तक्ता लावायचा असतो, मागच्या बाकांवरची कुजबुज थांबवायची असते आणि घड्याळाकडेही लक्ष ठेवायचे असते. या धांदलीत वर्गात नेमके काय घडले, हे शिकवणाऱ्यालाच सर्वांत कमी दिसते. तास संपल्यावर मनात उरते ते एवढेच की पाठ बरा झाला किंवा फसला. मागे बसलेल्या निरीक्षकांनी टाचणवहीत शेरा लिहिलेला असतो : ‘आवाज स्पष्ट. फलक लेखनात सुधारणा हवी. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा.’ शेरा खोटा नसतो. पण सहभाग कुठे कमी पडला, कोणत्या प्रश्नानंतर वर्ग गप्प झाला, कोणाचा हात वर असूनही दिसला नाही, हे त्यातून कळत नाही.

व्हिडिओचा उपयोग इथे होतो. स्वतःच्या पाठाचे चित्रीकरण पाहणे, त्यावर मार्गदर्शकाशी व सहकाऱ्यांशी बोलणे आणि त्या बोलण्यातून पुढचा पाठ बदलणे, या पद्धतीला शिक्षक-शिक्षणात आता सहा दशकांचा इतिहास आहे. शेऱ्यावर वाद होऊ शकतो, आठवण दगा देऊ शकते. चित्रीकरण मात्र थांबवता येते, मागे नेता येते आणि दोघांना मिळून पाहता येते.

स्टॅनफर्डपासून बडोद्यापर्यंत

या पद्धतीची सुरुवात १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. ड्वाइट ॲलन आणि त्यांचे सहकारी नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणावर काम करत होते. पूर्ण वर्ग, पूर्ण तास आणि सगळी कौशल्ये एकाच वेळी पेलण्याऐवजी मोजकी मुले, पाच-दहा मिनिटे आणि एकच कौशल्य घ्यावे, असा मार्ग त्यांनी काढला. त्याच सुमारास हाताळता येण्याजोगे व्हिडिओ यंत्र उपलब्ध होऊ लागले होते. कीथ ॲचेसन यांनी ते या छोट्या पाठांना जोडले. शिकवणारा आपला पाठ लगेच पाहू लागला, सुधारून पुन्हा घेऊ लागला. हेच सूक्ष्म अध्यापन.

भारतात या दिशेने पहिला प्रयत्न १९६७ मध्ये अलाहाबादच्या शासकीय केंद्रीय अध्यापनशास्त्र संस्थेत डी. डी. तिवारी यांनी केला, असे मानले जाते. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात बी. के. पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात यावर मोठे काम केले. एनसीईआरटीने त्याला पाठबळ दिले आणि सूक्ष्म अध्यापनाचे एक भारतीय रूप तयार झाले. त्याचे चक्र छत्तीस मिनिटांचे : अध्यापन ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६ आणि पुन्हा प्रत्याभरण ६ मिनिटे. महाराष्ट्रातल्या बी.एड. महाविद्यालयांत प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, प्रबलन, चेतक बदल, फलक लेखन यांचे सराव याच साच्यातून होत आले आहेत.

या भारतीय रूपात एक मोठी तडजोड होती. त्या काळी व्हिडिओ यंत्र बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून यंत्र वगळले गेले. सहकारी छात्राध्यापकच विद्यार्थी झाले आणि त्यांच्यातल्याच एक-दोघांनी निरीक्षण-तक्त्यावर खुणा करायच्या, असे ठरले. गरिबीतून काढलेली ही वाट शहाणपणाची होती. तिच्यामुळेच ही पद्धत गावोगावच्या महाविद्यालयांत पोचली. पण ज्या पुराव्यावर मूळ पद्धत उभी होती, तो निसटला. शिकवणारा आपला पाठ पाहीनासा झाला, दुसऱ्याने केलेल्या खुणा वाचू लागला.

आज परिस्थिती उलटली आहे. प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात त्या जुन्या यंत्रापेक्षा कितीतरी सरस कॅमेरा आहे. अडसर पैशाचा उरलेला नाही. पाहायचे कसे आणि पाहून झाल्यावर करायचे काय, हे ठरवणे बाकी आहे.

चित्रीकरणात काय दिसते

पहिली ठळक गोष्ट म्हणजे वर्गात कोण किती बोलते. नेड फ्लँडर्स या अमेरिकी अभ्यासकाने वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार केले : सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांना त्या क्षणी चाललेल्या प्रकाराचा क्रमांक लिहायचा. सहा मिनिटांच्या पाठात अशा १२० नोंदी होतात. त्यांच्या निरीक्षणांतून निघालेला ‘दोन तृतीयांशचा नियम’ प्रसिद्ध आहे : वर्गातला दोन तृतीयांश वेळ बोलण्यात जातो आणि त्यातले दोन तृतीयांश बोलणे शिक्षकाचे असते. फ्लँडर्सची पद्धत आपल्या अभ्यासक्रमांत अनेक वर्षे शिकवली गेली, पण चालू वर्गात तीन-तीन सेकंदांच्या नोंदी करणे फार अवघड. चित्रीकरण थांबवत थांबवत तेच काम कोणालाही करता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नानंतरची शांतता. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती अभ्यासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि उत्तर आले नाही तर स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्याकडे वळतात, असे त्यांना आढळले. हा विराम तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. शिकवताना तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. व्हिडिओत ती मोजली की आपण खरोखर किती थांबलो, हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

तिसरी गोष्ट नजरेची. शिक्षक कोणत्या रांगेकडे पाहतो, मुलींना किती प्रश्न विचारतो, खिडकीकडच्या बाकांपर्यंत कधी जातो की नाही, हे सगळे पडद्यावर सरळ दिसते.

उदाहरणादाखल पाचवीच्या वर्गातला अपूर्णांकांचा पाठ घेऊ. छात्राध्यापिका विचारते, “एक छेद तीन मोठा की एक छेद चार?” वर्ग एका सुरात म्हणतो, “एक छेद चार!” “कसं काय?” “चार मोठे ना, बाई!” बाई म्हणतात, “चूक. नीट लक्ष द्या.” त्या फळ्याकडे वळतात, दोन आयत काढतात, एकाचे तीन आणि दुसऱ्याचे चार भाग करतात, त्यातला एकेक भाग रंगवतात आणि दोन मिनिटे समजावून सांगतात. मग विचारतात, “कळलं का सगळ्यांना?” वर्गाचे उत्तर येते, “होऽऽ.”

तास संपल्यावर बाईंना वाटते, मुले चुकली होती, आकृती काढून चूक दुरुस्त केली. व्हिडिओत वेगळेच दिसते. बाई फळ्याकडे वळल्या त्या क्षणी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला सांगते आहे, “तिघांत वाटली तर भाकरी जास्त येते ना.” बाईंची पाठ पाहून ती गप्प बसते. अपूर्णांकांची तुलना त्या मुलीला समजलेली होती, तीही तिच्या घरच्या भाषेत. तिला बोलू दिले असते तर वर्गाला ते उत्तर आपल्यातल्याच एकीकडून मिळाले असते. आणि शेवटच्या ‘होऽऽ’वरून किती मुलांना कळले, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्या प्रश्नाला वर्गात तेवढे एकच उत्तर रूढ आहे.

असा एक क्षण ‘विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा’ या शेऱ्याचा अर्थ छात्राध्यापिकेच्या हाती देतो.

पाहण्याचीही शिस्त लागते

स्वतःला पडद्यावर पाहणे सोपे नसते. फ्रान्सिस फुलर आणि ब्रॅड मॅनिंग यांनी १९७३ मध्ये या विषयावरच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. स्वतःचे चित्रीकरण पाहणाऱ्याचे लक्ष आधी स्वतःच्या दिसण्याकडे आणि आवाजाकडे जाते, असे त्यांना दिसले. सोबत कोणी जाणते नसेल तर माणूस तिथेच अडकतो आणि मनाला लावूनही घेऊ शकतो. साडीचा पदर, हाताची सवय, ‘म्हणजे’ हा शब्द किती वेळा आला याचीच चर्चा होते आणि मुले बाजूला राहतात.

म्हणून पाहण्याचा क्रम ठरवावा लागतो. पहिल्यांदा छात्राध्यापकाने एकट्याने पाहावे. दिसण्या-ऐकण्याचा संकोच तिथेच संपू द्यावा. दुसऱ्यांदा पाहण्याआधी एक प्रश्न ठरवावा : मी प्रश्नानंतर किती थांबले? कोणत्या मुलांनी तोंड उघडले नाही? चुकीच्या उत्तराचे मी काय केले? पूर्ण तास पाहण्याची गरज नसते. तीन ते पाच मिनिटांचा तुकडा पुरतो, पण तो छात्राध्यापकाने स्वतः निवडावा. तुकडा निवडताना त्याला आपल्या पाठाकडे नव्याने बघावे लागते.

पाहताना आणखी एक पथ्य आहे. आधी काय घडले ते सांगायचे, मगच चांगले-वाईट ठरवायचे. ‘वर्गनियंत्रण ढिले होते’ हा निष्कर्ष झाला. ‘मी वाचन करत असताना मागच्या दोन बाकांवरची मुले वहीत वेगळे लिहीत होती’ हे वर्णन आहे. निष्कर्षावर छात्राध्यापक बचाव करतो. वर्णनावर तो कारण शोधू लागतो.

मिरियम शेरिन आणि एलिझाबेथ व्हॅन एस यांनी अमेरिकेत गणित शिक्षकांचे ‘व्हिडिओ क्लब’ चालवून पाहण्याच्या नजरेतला बदल अभ्यासला. शिक्षक ठरावीक काळाने भेटत आणि एकमेकांच्या वर्गांचे तुकडे पाहत. सुरुवातीला चर्चा शिक्षकाने काय करायला हवे होते, यावर होई. काही महिन्यांनी ती मुले काय विचार करत आहेत, याकडे वळली. नजर अशी मुलांकडे वळणे हीच शिक्षकाच्या वाढीची खूण, असे या अभ्यासांतून पुढे आले.

आपला पाठ पाहावा की दुसऱ्याचा? जर्मनीत टीना सायडेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दोन्हींची तुलना केली. स्वतःचा पाठ पाहणारे शिक्षक त्यात जास्त गुंतले, पण उणिवांवर कमी बोलले. दुसऱ्याच्या पाठातल्या अडचणींवर शिक्षक मोकळेपणाने बोलतात. त्यामुळे आधी अनोळखी वर्गाचा तुकडा, मग सहकाऱ्याचा आणि शेवटी स्वतःचा, असा क्रम नवख्यांना सोयीचा जातो.

दूरच्या वर्गांचे चित्रीकरण आणखी एका कामाला येते. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रीकरण केले गेले. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी त्यावरून असे मांडले की शिकवणे ही संस्कृतीतून उचललेली गोष्ट आहे. आपल्याला जसे शिकवले गेले तसेच आपण शिकवतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. एका सुरातले ‘होऽऽ’ आपल्याला खटकत नाही, कारण आपणही लहानपणी तेच म्हणत आलो.

प्रत्याभरण कसे असावे

व्हिडिओ पुरावा देतो, दिशा देत नाही. ती संवादातून मिळते. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये प्रत्याभरणावरच्या संशोधनाचा आढावा घेताना तीन प्रश्न मांडले : मला कुठे जायचे आहे? मी आत्ता कुठे आहे? पुढचे पाऊल कोणते? उपयोगी प्रत्याभरण या तिन्हींना उत्तर देते. ‘तू छान शिकवतेस’ किंवा ‘तुझ्यात आत्मविश्वास नाही’ अशी व्यक्तीबद्दलची विधाने सर्वांत कमी उपयोगाची ठरतात, कारण उद्या वर्गात काय करायचे हे त्यांतून कळत नाही.

मार्गदर्शक प्राध्यापकासाठी याचा अर्थ असा की चर्चेत आधी छात्राध्यापकाने बोलावे. तुकडा थांबवून ‘इथे तुला काय दिसते?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी मार्गदर्शकानेही तीन सेकंद थांबावे. मग एक बलस्थान क्षणासह दाखवावे, एक सुधारणा क्षणासह दाखवावी. दहा सुधारणा सांगितल्या तर एकही होत नाही. अपूर्णांकांच्या पाठात पुढचे पाऊल एवढेच असू शकते : चुकीचे उत्तर आल्यावर ‘चूक’ म्हणण्याऐवजी “कोणाला वेगळं वाटतं? का?” असे विचारायचे आणि फळ्याकडे वळायचे नाही.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात व्यावसायिकांच्या चिंतनाचे दोन प्रकार सांगितले : काम झाल्यावरचे आणि काम करता करता होणारे. व्हिडिओ पहिल्या प्रकारच्या चिंतनाला आधार देतो. पण ते पुन्हा पुन्हा झाले की शिक्षक भर वर्गातच स्वतःला सावरू लागतो. फळ्याकडे वळता वळता थांबतो आणि कुजबुजणाऱ्या मुलीला विचारतो, “काय म्हणालीस, मोठ्याने सांग ना.” सगळा खटाटोप या क्षणासाठी असतो.

त्यासाठी पाठ पुन्हा घ्यावा लागतो. सूक्ष्म अध्यापनाच्या छत्तीस मिनिटांत पुनर्नियोजनाला सर्वांत जास्त, म्हणजे बारा मिनिटे दिली होती, ती याचसाठी. प्रत्यक्षात वेळ कमी पडला की कात्री पुनर्अध्यापनावर चालते. सराव पाठांची संख्या पूर्ण करण्याच्या घाईत सुधारलेला पाठ घ्यायची संधीच मिळत नाही. मग चर्चा कितीही चांगली झाली तरी ती वहीत राहते.

खांदेश्वर परिसरातल्या वर्गांत

ही पद्धत प्रत्यक्ष वर्गात कशी आणता येईल, हे एका परिसराच्या उदाहरणावरून पाहू. हार्बर मार्गावर पनवेलच्या आधीचे स्थानक खांदेश्वर. एका बाजूला कामोठे, दुसरीकडे खांदा कॉलनी आणि नवीन पनवेल. सिडकोच्या वसाहती, जुनी आगरी-कोळी गावे आणि कामानिमित्त देशाच्या अनेक भागांतून आलेली कुटुंबे यांची मुले इथल्या शाळांत एकत्र बसतात. मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी हिंदी, बंजारा किंवा आगरी बोलणारी मुले असतात. या परिसरात महात्मा एज्युकेशन सोसायटीचे पिल्लई शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे आणि मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतल्या इतर महाविद्यालयांत जाणारे छात्राध्यापकही इथे राहतात. मुलांचे मोजके शब्द, अर्धवट वाक्ये आणि घरची बोली ऐकू येणे अशा वर्गात फार महत्त्वाचे असते. चालू तासात ते हुकते, चित्रीकरणात सापडते.

वेळेची सोय धोरणाने करून ठेवली आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर एनसीटीईचे २०१४ चे नियम आले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात शाळेतली इंटर्नशिप वीस आठवड्यांची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. वीस आठवड्यांत प्रत्येकाचे तीन पाठ चित्रित करणे आणि त्यातला प्रत्येक पाठ सुधारून पुन्हा घेणे अशक्य नाही.

साधने साधी पुरतात. फोन आडवा धरून कोपऱ्यातल्या उंच जागी किंवा तिपाईवर ठेवावा, म्हणजे फळा आणि निम्मा वर्ग एका चौकटीत येतो. पंख्याचा आवाज आणि रस्त्यावरची रहदारी मुलांचे बोलणे गिळून टाकते, म्हणून दुसरा फोन मधल्या बाकावर फक्त ध्वनिमुद्रणासाठी ठेवला तर चित्रापेक्षा मोलाची सामग्री मिळते. पहिला दिवस मुले कॅमेऱ्याकडे पाहण्यात घालवतात. त्या दिवसाचे चित्रीकरण अभ्यासासाठी घेऊ नये.

मुलांचा हक्क, छात्राध्यापकाची सुरक्षितता

वर्गातली मुले कोणाच्या प्रशिक्षणाचे साहित्य नसतात. चित्रीकरणाआधी मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. पालकांना संमतिपत्र त्यांच्या भाषेत द्यावे आणि चित्रीकरण कोण पाहणार, कधी पुसले जाणार, हे त्यात लिहावे. ज्या मुलाच्या घरून नकार आला, त्याला चौकटीबाहेरच्या बाकावर सन्मानाने बसवावे. नकाराचे कारण विचारू नये. चित्रीकरण व्हॉट्सॲप गटात टाकणे, स्टेटसवर ठेवणे किंवा महाविद्यालयाच्या प्रसिद्धीसाठी वापरणे पूर्णपणे वर्ज्य असावे.

छात्राध्यापकालाही संरक्षण हवे. या चित्रीकरणावर गुण दिले जाणार असतील तर तो पाठांतर करून घेतलेला, मुलांकडून उत्तरे घोटून घेतलेला पाठ दाखवील. मग शिकण्यासारखे काहीच हाती लागणार नाही. मूल्यमापनाचे पाठ वेगळे असावेत आणि चिंतनासाठीचे चित्रीकरण त्यापासून दूर ठेवावे. कोणता तुकडा दाखवायचा, हा निर्णय छात्राध्यापकाचा असावा.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कॅमेऱ्याला मुलाच्या मनातला गोंधळ दिसत नाही. त्यासाठी वही तपासावी लागते आणि मुलाशी बोलावे लागते. शिवाय या कामाला प्राध्यापकांचा वेळ लागतो आणि तो वेळापत्रकात दाखवल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून प्रत्येक शिक्षणशास्त्र महाविद्यालयाने येत्या इंटर्नशिपच्या आखणीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : पाच मिनिटांचा तुकडा पाहण्याची तासिका, त्यावर बोलणारा मार्गदर्शक आणि तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घेण्याचा दिवस. पन्नास वर्षांपूर्वी पैशाअभावी सोडून द्यावे लागलेले साधन आज विनाखर्च हाती आले आहे. यंदा तीनपैकी एकच गोष्ट जमणार असेल, तर महाविद्यालयांनी पाठ पुन्हा घेण्याचा दिवस राखावा.